हॉबी ओपन डेला येणाऱ्या जहाज-मॉडेलकारांना खुले पत्र : एक होडी आपल्या किनाऱ्याची आणा

प्रति,
हॉबी ओपन डेला जहाजांची मॉडेलं घेऊन येणारे सर्व हौशी कारागीर, तसेच तो दिवस भरवणारी संयोजक मंडळी यांस

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. यंदा ओपन डेला, म्हणजे आपली मॉडेलं लोकांना दाखवायच्या दिवशी, तुमचं जे जहाज आणायचं ठरलं असेल ते जरूर आणा. पण त्याच्या शेजारी आपल्या किनाऱ्यावरची एक तरी होडी मांडा. मचवा चालेल, पडाव चालेल, बाजूला तोलासाठी लाकूड बांधलेली उलांडीची होडी चालेल, किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याची होडी चालेल. पुरी झालेली नसली, नुसता सांगाडा उभा असला तरी हरकत नाही. अट एवढीच की ती कुठल्याशा चित्रावरून अंदाजाने केलेली नसावी. किनाऱ्यावर जाऊन, खऱ्या होडीला टेप लावून घेतलेल्या मापांवरून केलेली असावी.

हे दोघाचौघांना फोन करूनही सांगता आलं असतं. उघडपणे लिहितोय, कारण हे काम एकट्यादुकट्याचं नाही आणि त्याला फार वेळही उरलेला नाही.

आपल्या टेबलांवर काय असतं ते आपण सगळे जाणतो. नेल्सनची व्हिक्टरी असते, कटी सार्क असते, बिस्मार्क आणि टायटॅनिक तर हमखास. कोलंबसची सांता मारिया असते. कुणीतरी जुनी विक्रांत आणतं, आणि तिच्याभोवती सगळ्यांत जास्त गर्दी होते. या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. व्हिक्टरीच्या तिन्ही डोलकाठ्यांचं रिगिंग, म्हणजे दोरांची सगळी बांधणी, ज्यानं एकदा पुरं केलंय, त्याला चिकाटीबद्दल कुणी काही शिकवायला नको. एकेक गाठ चिमट्यानं बसवायची, गोंदाचा थेंब जास्त झाला की सगळं सोडवून पुन्हा करायचं, दिव्याखाली मान अवघडेपर्यंत बसायचं, आणि जेवायला हाका आल्या की 'आलोच' म्हणत तिथंच राहायचं. जीव लागल्याशिवाय हे होत नाही.

विक्रांतचंच बघा. १९६१ साली नौदलात आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती तोडायला गेली. ज्यांनी लहानपणी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर पाय ठेवला होता, ते आज आपल्या टेबलाशी येऊन पोरांना बोटानं दाखवतात, इथून विमानं उडायची म्हणून. जहाज गेल्यावर मॉडेल काय काम करतं हे आपण असं दरवर्षी डोळ्यांनी बघतो. विक्रांतचे निदान फोटो आहेत, चित्रफिती आहेत, आराखडे आहेत. माझा जीव तुटतो तो ज्यांचं यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी.

परदेशी जहाजं आपल्या टेबलावर येऊ शकतात ती त्यांचे कागद शिल्लक आहेत म्हणून. ब्रिटिश नौदलानं आपल्या जहाजांचे आराखडे काढून घेतले आणि जपले. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ते आज मोठ्या संख्येनं आहेत. किट बनवणारे अशाच रेषांवरून प्लायवूड कापतात, खोक्यात भरतात, आणि ते खोकं कुरिअरनं आपल्या दारात येतं. कोकणातल्या सुतारानं कागद वापरला नाही, त्याला तो लागलाच नाही. तळाचं लांब लाकूड, म्हणजे पठाण, एवढं धरलं तर पोट किती रुंद ठेवायचं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, किती झुकवायची, पहिली फासळी कुठे बसवायची, हे सगळं गणित त्याच्या हातात आणि नजरेत होतं. बापाच्या हाताखाली काम करता करता ते मुलाकडे यायचं. मुलगा मुंबईला नोकरीला गेला की त्या घरातलं ते गणित तिथंच संपतं.

कागद असण्यानं काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. ट्रिंकमली नावाची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. लाकूड मलबारचा साग, कारागीर इथले, आराखडा मात्र इंग्लंडहून यायचा होता. तो घेऊन निघालेलं जावा हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेलं, आणि त्याच्याबरोबर ते कागदही गेले. दुसरा संच पाठवता आला, कारण त्यांच्या दप्तरात आराखडा होता. दोनशे वर्षांनंतर ट्रिंकमली इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे, तिच्यावर चढून फिरता येतं. तिचा गन डेक दीडशे फुटांचा, म्हणजे १:९६ स्केलला साधारण ४८ सेंटिमीटर, हा हिशेब आपण घरबसल्या मांडू शकतो. मुंबईत बांधलेल्या कॉर्नवॉलिसवर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. मुंबईचीच एशिया १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टनची ध्वजनौका होती. आपल्यापैकी कुणाला वाडियांची जहाजं करायची असतील तर माझा पाठिंबाच आहे. व्हिक्टरीच्या शेजारी एशिया उभी राहिलेली बघायला मला मनापासून आवडेल.

आता विजयदुर्ग घ्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या फौजेनं जमिनीवरून आणि इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमारानं समुद्रातून तुळाजी आंग्र्यांना घेरलं. १२ तारखेला एक पेटता गोळा रेस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पकडून आणलेलं होतं. ते पेटलं, त्याची आग शेजारी नांगरलेल्या गुराबांना, म्हणजे आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना, लागली, आणि बंदरात एकमेकांना लागून उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. कान्होजींच्या काळापासून ज्या आरमारानं इंग्रज, पोर्तुगीज आणि डचांची झोप उडवली, त्यातली एक गुराबही आज कुणाला पाहता येत नाही. जवळच गिर्ये इथं आंग्र्यांच्या काळची गोदी अजून आहे. ओहोटीला तिथं उभं राहिलं की जहाज आत कसं घेत असतील याचा अंदाज येतो. पण त्या गोदीत जे बांधलं गेलं त्याची फासळी कशी वळलेली होती, हे सांगणारा कागद बांधणाऱ्यांनी मागे ठेवलेला नाही.

मग गुराबेचं मॉडेल करायचंच नाही का? अवश्य करायचं, आणि त्यासाठी वर्णनाचा आधारही आहे. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं गुराब आणि गलबत यांचं जे वर्णन केलंय ते मॉडेलकाराला फार उपयोगी पडतं. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, थोड्यांना तीन. तीनवाल्या तीनशे टनांच्या आसपास, दोनवाल्या दीडशेपर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात कमी बुडणाऱ्या, मधून टोकांकडे निमुळत्या होत गेलेल्या. पुढे गोल तोंडाऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली चोच. या चोचीला कठडा नाही, कारण समोरून लाट आली की गुराब जोरात डुबक्या घेते, आणि वर आलेलं पाणी अडून न राहता दोन्ही अंगांनी वाहून गेलं पाहिजे. चोचीच्या मागे आडवी भिंत, तिच्यातल्या झरोक्यांतून पुढे तोंड केलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळे टाकणाऱ्या दोन तोफा. गलबत म्हणजे याच घडणीची पण लहान, वल्ह्यांची बोट. फार तर सत्तर टन, चाळीस-पन्नास वल्ही, मागची डोलकाठी अगदी किरकोळ आणि पुढच्या डोलकाठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड. लहान गलबतांची वरची तख्तपोशी, म्हणजे डेक, तर वजन वाचावं म्हणून चिरलेल्या बांबूची असे.

चिरलेल्या बांबूची तख्तपोशी! १:४८ ला ती करायची म्हणजे उदबत्तीच्या काड्या चिरून, घासून, एकाला एक लावून बसणं आलं. हा तपशील वाचल्यावर तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे हात शिवशिवायला लागले असतील.

फक्त एक पथ्य पाळूया. अशा मॉडेलपुढे जी चिठ्ठी ठेवाल तिच्यावर स्पष्ट लिहा : यातलं काय वर्णनातून घेतलं, काय जुन्या चित्रातून घेतलं आणि काय मी माझ्या बुद्धीनं भरलं. ओपन डेला शाळेतली मुलं येतात, मोबाइलवर फोटो काढतात, प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. 'कान्होजी आंग्र्यांचं जहाज' एवढंच लिहून ठेवलं तर आपला अंदाज त्यांच्या वहीत इतिहास होऊन बसतो. कान्होजींचं नाव मोठं आहे, म्हणून तर ही काळजी जास्त घ्यायला हवी.

आंग्र्यांची गुराब मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच गेली, तिच्यासाठी आणखी दोन वर्षं थांबलो तर काही बिघडत नाही. खरी घाई आहे ती अजून किनाऱ्यावर पडून असलेल्या लाकडी होड्यांची. हर्णै, जयगड, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला, इकडे उत्तन, वसई, अर्नाळा, कुठेही जा. पाण्यावर हलताना दिसतात त्यांतल्या कितीतरी होड्या फायबरच्या. लाकडी होड्या कडेला माडाखाली कलंडलेल्या, कुणाच्या पोटात पाणी साचलेलं, कुणाची वरची फळी सरपणाला काढून नेलेली. कोळी, गाबीत, दालदी, खारवी, कुठल्याच मच्छीमाराला यात दोष देता येणार नाही. लाकडी होडी दरवर्षी वर ओढायची, खरवडायची, फटी बुजवायच्या, तेल द्यायचं, आणि एवढं करणारा सुतार मिळाला पाहिजे, साग परवडला पाहिजे. फायबरला यातलं बरंचसं लागत नाही. ज्याचं पोट दर्यावर आहे त्यानं त्याला परवडेल ते घ्यावं. नोंद ठेवण्याचं काम आपलं आहे, आपल्याकडे वेळ आहे, अवजारं आहेत, आणि मिलिमीटरमध्ये विचार करायची सवय आहे.

मापं कशी घ्यायची, हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर काढून झापांखाली नाहीतर निळ्या प्लास्टिकखाली ठेवलेल्या असतात. मालक घरी भेटतो, सुतारही डागडुजीला त्याच दिवसांत येतो. पावसाची उघडीप बघून जायचं. आधी मालकाला विचारायचं, कशासाठी आलोय ते नीट सांगायचं, जमलं तर आधी केलेलं एखादं मॉडेल बरोबर न्यायचं, म्हणजे दहा वाक्यांचं काम एका नजरेत होतं. मग होडीच्या बाजूनं, नाळीपासून मागच्या टोकापर्यंत, सरळ दोरी ताणायची. ती पातळीत आहे का ते गवंडी बघतात तसं पाण्याच्या नळीनं बघायचं. दोरीवर दर दोन फुटांना खूण करायची. प्रत्येक खुणेशी ओळंबा सोडायचा आणि ओळंब्याच्या दोरीपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर खालून वर, दर अर्ध्या फुटाला मोजत जायचं. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि लिहिणाऱ्यानं प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. घरी आलेखाच्या कागदावर हे आकडे मांडले की फासळ्यांचे आकार एकामागून एक उमटत जातात. ज्यानं एकदा हे पाहिलं तो पुन्हा नुसत्या किटवर समाधानी राहील असं मला वाटत नाही.

एकाच बाजूवर भागवू नका. होडी वाळूत कलती असते, आणि वापरलेल्या होडीच्या दोन्ही बाजू क्वचितच सारख्या निघतात. आतून फासळ्यांमधलं अंतर, फळीची रुंदी आणि जाडी, खिळ्यांच्या ओळी, डोलकाठीची बैठक, सुकाणूच्या बिजागऱ्या, सगळं लिहून घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या कामात फळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकवत नसत. कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालत. असा सांधा अजून कुठे दिसला तर त्याचा जवळून फोटो काढा आणि पेन्सिलीनं रेखाटनही करा. गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला रापणीच्या जुन्या होड्या काथ्यानं शिवलेल्या असत. तशी होडी सापडली तर टाके मोजा, दोन टाक्यांमधलं अंतर मोजा, आतल्या बाजूनं दोर कसा फिरवलाय ते बघा. मोबाइलनं चहूबाजूंनी फोटो काढून त्रिमितीय आकृती करणारी अ‍ॅप आहेत, तीही वापरा. पण ओळंबा सोडू नका, कारण डांबर फासलेल्या काळ्या, ओल्या, चकाकत्या अंगावर फोटोवरून केलेली आकृती फसते. आणि प्रत्येक भागाला त्या गावात काय म्हणतात ते सुताराच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून घ्या.

स्केलबद्दल माझं मत असं की फुटाला अर्धा इंच धरावा. तीस फुटी होडी पंधरा इंचांत बसते, टेबलावर मावते, आणि काथ्याचे टाकेसुद्धा दाखवता येतात. लाकूड मात्र साग नको. खरी होडी सागाची म्हणून मॉडेल सागात करावंसं वाटतं, पण सागाचे रेषे या मापाला फार जाड दिसतात. हळदू बारीक रेषांचा आणि पिवळसर असतो, धार चांगली घेतो. शिवण हलकी आणि सरळ असते. दोन्ही आपल्याकडच्या वखारीत विचारलं तर मिळतात.

शिडांच्या बाबतीत एक प्रसंग सांगतो. मागे एका ओपन डेला दोन डोलकाठ्यांचा एक सुंदर पडाव मांडलेला होता. करणाऱ्यानं डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तणावे दिले होते, व्हिक्टरीला असतात तसे ताठ, एकसारखे. मालवणकडचे एक वयस्कर गृहस्थ नातीबरोबर आले होते. तरुणपणी ते शिडाच्या गलबतावर होते. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग बोट लावून म्हणाले, "ह्ये दोर हंय बांधल्यार मगे शीड फिरतला कसा?" मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडची डोलकाठी पुढे झुकलेली असते, तिच्यावर परबाण, म्हणजे शिडाचं लांबलचक आडवं लाकूड, टांगलेलं असतं. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला तणावे बांधायचे, दुसरी बाजू मोकळी, कारण शीड तिकडे फुगून बाहेर जातं. वाऱ्याची बाजू बदलली की परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं आणि तणावेही सोडून दुसऱ्या बाजूला बांधायचे. मॉडेल करणाऱ्यानं तिथंच चिमटा काढून एका बाजूचे दोर सोडले. गृहस्थांनी परबाणाची गाठ कशी असते ती पाकिटाच्या सुतळीवर करून दाखवली. भोवती दहाबारा माणसं उभी होती. ती गाठ कुणी लिहून घेतली नाही, कुणी फोटो काढला नाही, त्यांचं गाव कुणी विचारलं नाही. नात घाई करत होती, ते निघून गेले.

म्हणून आता संयोजकांना उद्देशून लिहितो.

तुम्ही वर्षानुवर्षं आम्हाला टेबल, वीज, चहा आणि प्रेक्षक देत आलात, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. यंदा आणखी थोडं करा. जहाजांच्या दालनात एक टेबल किनाऱ्यासाठी राखून ठेवा. त्यावर बक्षिसाची स्पर्धा नको, तयार मॉडेलाची अट नको. तिथं मापांचे तक्ते, आलेख, फोटो, अर्धवट सांगाडे, सगळं मांडता यावं. टेबलाशी वही आणि पेन घेऊन एक कार्यकर्ता दिवसभर बसवा, ज्याचं काम एकच : कुणी जाणतं माणूस आलं तर त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं.

आणि होड्या बांधणारे एक-दोन सुतार आणि जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, यांना रीतसर निमंत्रण द्या. येण्याजाण्याचा खर्च द्या, राहायची सोय करा, मानधन द्या. प्रमुख पाहुण्याच्या बाजूची खुर्ची त्यांची असावी. किटची विक्री करणाऱ्या स्टॉलला आपण दर्शनी जागा देतो. ज्या हातांनी चाळीस फुटी होडी नजरेच्या मापानं उभी केली ते हात त्याच दालनात लाकूड तासायचा वाकस चालवताना लोकांना दिसले, तर मुलांना आयुष्यभर पुरेल असं काही मिळेल. शक्य असेल तर पाण्याची एक उथळ टाकीही ठेवा. शीड पाण्यावर कसं वागतं ते काचेच्या पेटीत कळत नाही.

परीक्षकांनाही एक विनंती. चकचकीत वार्निश आणि मोजता न येणाऱ्या दोऱ्या यांवर गुण जातात. त्यात मापांचा स्रोत हा एक रकाना वाढवा. मॉडेल कुठून आलं, कुणाच्या होडीवरून आलं, याला गुण असले की नवीन मुलं आपोआप तिकडे वळतील.

हौशी माणसांनी हे करून काय होणार, असं कुणाला वाटेल. फ्रान्सच्या नौदलातला एदमाँ पारिस हा अधिकारी एकोणिसाव्या शतकात तीनदा जगाला वळसा घालून आला. जिथं जहाज थांबेल तिथं तो उतरायचा आणि स्थानिक होड्या मोजून रेखाटायचा, आपल्या किनाऱ्यावरच्याही. पुढे १८७१ मध्ये पॅरिसच्या नौदल संग्रहालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि त्या मापांवरून त्यानं प्रतिकृती करून घेतल्या. आपल्या होड्या कशा होत्या हे बघायला आपल्याला परक्याच्या वहीकडे जावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. त्याच्याविषयी मात्र कृतज्ञताच वाटते. घरच्या आघाडीवर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होड्यांच्या जुन्या प्रतिकृती आहेत, मुंबईला गेलात तर त्यांच्यासमोर निवांत उभे राहा. आणि पुण्यात एका माणसाच्या छंदातून काय उभं राहू शकतं ते बघायला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहेच. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आगगाडीला पुण्यात घर मिळालं, होड्यांना अजून मिळायचंय.

अगदी अलीकडचं उदाहरण कौंडिण्यचं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका जहाजाच्या चित्रावरून भारतीय नौदलानं शिवलेलं जहाज बांधायला घेतलं. केरळच्या कारागिरांनी ते गोव्यात काथ्यानं शिवलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. आराखडा नव्हताच, नुसतं भिंतीवरचं चित्र. मग आकार ठरवायचा, लहान मॉडेल करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यावर तपासायचं, असं करत ते उभं राहिलं. काथ्या शिवणारे हात अजून शिल्लक होते, म्हणून एवढं तरी जमलं. पुढच्या पिढीत कुणाला मालवणची उलांडीची होडी किंवा वसईचा मचवा पुन्हा बांधावासा वाटला, तर त्यांना भिंतीवरच्या चित्रावरून अंदाज करत बसायला लागू नये. आपल्या मापांची वही त्यांच्या हातात असावी.

माझ्यापुरतं मी ठरवलंय ते असं. ओपन डेला माझ्या टेबलावर जयगड खाडीतल्या एका लाकडी होडीचा सांगाडा असेल, फुटाला अर्धा इंच, एका बाजूला फळ्या बसवलेल्या आणि दुसरी बाजू उघडी, म्हणजे आतल्या फासळ्या दिसतील. शेजारी मापांचा पूर्ण तक्ता असेल, ज्याला हवा त्यानं फोटो काढून न्यावा, परवानगी विचारायची गरज नाही. येत्या जूनमध्ये ज्यांना मापं घ्यायला बरोबर यायचंय त्यांच्यासाठी तिथंच एक कागद असेल. नाव, गाव आणि तुम्हाला ओळखीचा असलेला किनारा लिहा. कुणाच्या आजोळी, कुणाच्या सासुरवाडीला एखादी जुनी होडी पडून असेल तर तेही लिहा. ज्यांची वडीलधारी माणसं दर्यावर होती, त्यांनी त्यांना बरोबर आणावं. त्यांच्यासाठी खुर्ची आहे.

आपला,
पुण्यातला एक जहाज-मॉडेलकार